टर्मिनलची खिडकी लहान-मोठी केली की ड्रायव्हरचा डेटा बिघडतो, हसू नका

रामबाग_कट्टा:

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

मी इथे सुपर कॉरिडॉरच्या बाजूला एका छोट्या कंपनीत आहे, दीड वर्ष झालं. आमच्याकडे एक पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड आहे, त्यावर एफपीजीए (आतली जुळणी हवी तशी बदलता येणारी चिप) आणि फ्लॅश. मोजमापांचा डेटा त्यात साठत जातो आणि तो लिनक्समधून ४०९६ बाइटच्या ब्लॉकने वाचून घ्यायचा. ब्लॉक ड्रायव्हर (डिस्कसारखा, नंबरने कुठलाही ब्लॉक देणारा) नाहीये, साधा कॅरेक्टर ड्रायव्हर आहे, मीच लिहिलाय. आयऑक्टल (प्रोग्रामने ड्रायव्हरला दिलेला हुकूम) मारला की ड्रायव्हर कार्डाला म्हणतो पुढचा ब्लॉक दे, कार्ड डीएमएने (सीपीयूला मधे न घेता थेट मेमरीत लिहून) बफर भरतं, इंटरप्ट (काम झाल्याची खूण) देतं, मी वाट बघत झोपलेलो असतो तो उठतो आणि कॉपी टू युजर करून (डेटा प्रोग्रामच्या मेमरीत टाकून) मोकळा. बस.

आता गंमत बघा. टेस्टचा प्रोग्राम रात्रभर चालवला, सकाळी चेकसम जुळला. मग मित्राने त्याला मस्त प्रोग्रेस बार लावून दिला, टर्मिनलच्या रुंदीप्रमाणे लांब-आखूड होणारा. तेव्हापासून फाइल मधूनच चुकायला लागली. दोन दिवस केबल बदल, स्लॉट बदल, सगळं झालं. परवा कळलं की खिडकीचा कोपरा माउसने धरून ओढला की चुकते! हात लावला नाही तर तासन्‌तास बरोबर. सीनियरला सांगितलं तर तो असा बघायला लागला की मी रंगपंचमीची भांग अजून उतरवतोय.

फाइल हेक्समध्ये उघडली तर चुकते तिथे आधीचाच ब्लॉक परत आलेला असतो आणि तिथून पुढे सगळी फाइल एक ब्लॉक मागे. कधीकधी फाइल बरोबर दिसते पण पाच-दहा मिनिटांनी भलत्याच ड्रायव्हरमध्ये कर्नल ऊप्स (खुद्द कर्नलचाच क्रॅश) होतो.

मी इंटरप्टिबल वाट (सिग्नल, म्हणजे प्रोसेसला मारलेली हाक, आला की मधेच मोडणारी झोप) वापरलीय, कारण सगळीकडे हेच सांगतात की प्रोसेस डी स्टेटमध्ये (सिग्नलने न मोडणाऱ्या झोपेत) अडकवू नको. म्हणून मग उलटं करून बघितलं, टाइमआउट काढून अनइंटरप्टिबल केलं. डेटा एकदम चोख! पण गुरुवारी कार्डच हँग झालं, प्रोसेस डी स्टेटमध्ये, किल नऊ (प्रोसेस ठार करणारा सिग्नल) मारलं तरी ढिम्म. क्रॉन (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारा) दर १५ मिनिटांनी नवीन रीडर सुरू करत होता तेही एकेक करून तिथेच जाऊन झोपले, लोड ॲव्हरेज (चालणाऱ्या आणि अडकलेल्या प्रोसेसची सरासरी) १४ आणि सीपीयू रिकामा, डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकलंय असे मेसेज. शेवटी मशीन रीबूट केलं आणि त्या मशीनवर अजून दोघांचं काम चालू होतं. पुढचं काय सांगू.

तर इंटरप्टिबल ठेवू की अनइंटरप्टिबल? कोड कंपनीचा आहे, चिकटवता येत नाही, विचाराल ते तोंडी सांगीन.


छप्पन_की_सत्तावन:

भिया किलेबल कर आणि झोप. कर्नल २.६.२५ पासून आहे, २००८ मध्ये आलं. दिसायला डी स्टेटच, पण जीव घेणारा सिग्नल आला तरच उठतं. खिडकी ओढलीस तर ढिम्म, किल नऊला मात्र जागं. ज्या प्रोग्रामने कंट्रोल-सीसाठी हॅन्डलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) लावलेला नाही त्याला कंट्रोल-सीने सुद्धा उठतं. एक शब्द बदलायचा आहे, कशाला एवढं टेन्शन.


सराफा_रात्री_बारा:

वरच्या भाऊंचं बरोबर आहे पण अर्धं. किलेबल केल्याने खिडकीवाला त्रास जाईल आणि बग तसाच पलंगाखाली बसून राहील, ज्या दिवशी कोणी खरंच किल मारेल त्या दिवशी बाहेर येईल.

आधी खिडकीचं सांगतो म्हणजे सीनियरला दाखवता येईल. टर्मिनलचा आकार बदलला की कर्नल त्यातल्या प्रोग्रामला सिगविंच पाठवतो, एक्स८६ वर नंबर २८. ज्या प्रोग्रामने त्यासाठी हॅन्डलर लावलेला नाही त्याच्यासाठी हा सिग्नल जागच्या जागी टाकून दिला जातो, झोपमोड होतच नाही. म्हणून जुना प्रोग्राम रात्रभर नीट चालला. मित्राने रुंदी मोजायला हॅन्डलर लावला आणि तुझी वाट मधेच तुटायला लागली. कंट्रोल-सीने पण तेच होत असणार, पण तेव्हा प्रोग्रामच मरतो ना, फाइल तपासतो कोण.

आणि सिग्नल काय फक्त खिडकीचाच येतो असं नाही. अलार्म, प्रोफायलर, डीबगर जोडला, लॅपटॉपचं झाकण बंद केलं (झोपवायच्या आधी कर्नल प्रोसेसना गोठवतो तेव्हाही इंटरप्टिबल झोप मोडते), आणि उद्या कोणी तुझा रीडर गो भाषेत लिहिला तर विचारूच नको, १.१४ पासून त्याचा रनटाइम गोरूटीन (त्याचे हलके थ्रेड) थांबवायला स्वतःलाच सिगअर्ज सिग्नल मारत असतो.

आता मला एक सांग. टाइमआउटवाली वाट वापरतोयस का? आणि तिचं उत्तर कोणत्या टाइपच्या व्हेरिएबलमध्ये घेतोस?


रामबाग_कट्टा:

हो, वेट फॉर कम्प्लीशन इंटरप्टिबल टाइमआउट, ५ सेकंद (कम्प्लीशन म्हणजे काम झालं की वाजणारी घंटा). उत्तर अनसाइन्ड लाँगमध्ये (उणे आकडा न धरणारा टाइप). शून्य आलं तर टाइमआउट, नाहीतर पुढे कॉपी. आत्ता प्रिंट टाकून खिडकी ओढली, हे आलं: १८४४६७४४०७३७०९५५११०४

हा काय नंबर आहे बाबा


सराफा_रात्री_बारा:

😂 सापडला. तो उणे ५१२ आहे, अनसाइन्डचा सदरा घालून आलाय. उणे ५१२ म्हणजे ई-रीस्टार्ट-सिस, "सिग्नल आला, काम झालेलं नाही". नुसत्या टाइमआउटवाल्या वाटेचं उत्तर अनसाइन्ड लाँग असतं, त्यात इंटरप्टिबल शब्द घुसला की उत्तर साइन्ड होतं, आणि कंपायलर तोंडातून ब्र काढत नाही. तू आधी साधी वाट लिहिली असशील आणि मग नाव तेवढं बदललं असशील, बरोबर?


रामबाग_कट्टा:

तंतोतंत 🙈

म्हणजे कार्डाने अजून काही दिलेलंच नसताना मी बफर कॉपी करत होतो. बफर दर वेळी केमॅलॉकने (कर्नलच्या मेमरीतून) घेतो आणि शेवटी सोडतो, तोच तुकडा परत मिळत असणार, म्हणून जुना ब्लॉक. पण मग पुढची सगळी फाइल एक ब्लॉक मागे का?


टिळकनगर_ओटला:

मी सहसा वाचूनच जाते पण हे बघून राहवलं नाही, माझ्या करिअरची पहिली दोन वर्षं याच खड्ड्यात गेलीत.

बाळा, सिग्नल तुझ्या प्रोसेसला आलाय, कार्डाला कोणी काही सांगितलेलं नाही. तू उठून निघून गेलास, कार्ड बिचारं अजून तुझा ब्लॉक आणतंय, ते आणणार आणि तू दिलेल्या पत्त्यावर ठेवणारच. तो पत्ता आता कोणाचा आहे हे त्याला कळायचं साधनच नाही.

थंडीत सराफ्यात गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) गाडीवर ऑर्डर देऊन तू स्टुलावर बसलास, फोन आला म्हणून उठून राजवाड्याकडे चालता झालास. गाडीवाल्याच्या डोक्यात गिऱ्हाईक म्हणजे ते स्टूल. दहा मिनिटांनी कढईतून काढलेले गरम गराडू तो त्या स्टुलावर जो कोणी बसलेला असेल त्याच्या पुढ्यात ठेवतो. आता त्या स्टुलावर तूच परत येऊन बसलास आणि जिरावण (वरून भुरभुरायचा मसाला) जास्त म्हणून नवीन ऑर्डर दिलीस तर जुनी प्लेट आल्याबरोबर तुला वाटतं आपली आली, खाऊन उठलास. मग नवीन प्लेट पुढच्या वेळी. झाली ना फाइल एक ब्लॉक मागे? तुझा इंटरप्ट हॅन्डलर "सध्याची कमांड" असा एकच पॉइंटर बघून कम्प्लीट करत असणार, उशिरा आलेल्या इंटरप्टने पुढच्याची वाट संपवली. आणि स्टुलावर तू नसून दुसरंच कोणी बसलं असेल तर तो तुझा दहा मिनिटांनंतरचा ऊप्स. सोडलेल्या बफरमध्ये कार्ड लिहितं, तो तुकडा तोवर भलत्याच कोणाला गेलेला असतो. कम्प्लीशन पण फंक्शनच्या आत लोकल ठेवलं असशील तर इंटरप्ट तुझ्या मेलेल्या स्टॅकवर जाऊन कोणालातरी उठवायला बघतो, ते वेगळंच.

यात लाज वाटून घेऊ नको. लिनक्सच्या स्वतःच्या स्कझी जेनेरिक (डिस्कसारख्यांना थेट कमांड देणाऱ्या) ड्रायव्हरमध्ये याच जातीचा बग होता, २०१३ मध्ये दुरुस्त झाला. एसजी-आयओ आयऑक्टल चालू असताना सिग्नल आला की वाट बघणारा निघून जायचा, कमांड अनाथ म्हणून खूण व्हायची, आणि डिस्कने नंतर उत्तर दिलं की साफसफाई एका वर्कक्यू थ्रेडमध्ये (मागे कामं उरकणाऱ्या कर्नल थ्रेडमध्ये) चालायची. त्या साफसफाईत युजरच्या बफरमध्ये कॉपी करायचा कोड पण होता. आता कर्नल थ्रेडला स्वतःची युजर मेमरी नसते, तो त्या सीपीयूवर आधी जो चालत होता त्याचेच पेज टेबल (मेमरीचे पत्ते जुळवणारा तक्ता) उसने घेऊन बसलेला असतो. म्हणजे तुझ्या डिस्कमधला डेटा पत्ता तोच पण घर दुसऱ्याचं अशा तऱ्हेने तिसऱ्याच प्रोसेसच्या मेमरीत! दुरुस्ती इतकीच की स्वतःची युजर मेमरी नसलेल्या थ्रेडमध्ये आहोत असं दिसलं तर कॉपी करायची नाही, पानं नुसती सोडून द्यायची. तुझ्यासाठी यातून घ्यायचं ते हे की कॉपी टू युजर फक्त ज्या प्रोसेसने आयऑक्टल मारला तिच्याच अंगात असताना, इंटरप्टमधून नाही, वर्कक्यूतून नाही.

करायचं काय ते सांगते. प्रत्येक कमांडसाठी हीपवर एक स्ट्रक्चर, त्यातच कम्प्लीशन, त्यातच डीएमए बफर, त्यातच एक नंबर जो कार्डाला पण द्यायचा आणि कार्डाने परत द्यायचा. रेफरन्स काउंट (किती जण अजून वापरतायत तो आकडा) २ ने सुरू, एक वाट बघणाऱ्याचा आणि एक कार्डाचा. वाट बघणारा मधेच उठला तर लॉक घेऊन "सोडून दिली" अशी खूण करतो, आपला रेफरन्स टाकतो आणि जातो, बफरला हात लावत नाही. कार्डाचा इंटरप्ट आला की नंबरवरून कमांड शोधायची, खूण असेल तर गुपचूप कार्डाचा रेफरन्स टाकायचा. शेवटचा जो टाकेल तो मोकळं करेल. फक्त बफर डीएमए अलॉक कोहेरंटने घेतला असशील तर तो इंटरप्टमध्ये सोडता येत नाही, तिथून वर्कक्यूकडे ढकल. तुझं केमॅलॉक आणि मॅप आहे, अनमॅप आणि केफ्री इंटरप्टमध्ये चालतं.

कार्डाला कमांड रद्द कर असं सांगायची सोय आहे का? असेल तर निघताना सांग, पण "सांगितलं" म्हणजे "रद्द झाली" असं धरू नको, रद्द झाल्याचं उत्तर येईपर्यंत बफर कार्डाचाच.


ग्वाल्हेरी_खवचट:

ताई, सगळं मान्य पण मुळात प्रश्नच चुकीचा आहे हो. स्टोरेजमध्ये सिग्नल बघायचाच कशाला? जुन्या युनिक्सपासून रीत अशी की टर्मिनल, पाइप, सॉकेट हे "स्लो" आणि डिस्क स्लो नाही, तिथे रीड सिग्नलने तुटत नाही. हजारो प्रोग्राम हे गृहीत धरून लिहिलेत. अडकायची भीती असेल तर त्याचा इलाज टाइमआउट, सिग्नल नव्हे. स्कझी डिस्कला डिफॉल्ट ३० सेकंद, एनव्हीएमई एसएसडीच्या आयओला पण ३०. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर ड्रायव्हर आधी ती कमांड अबॉर्ट करतो, जमलं नाही तर डिव्हाइस रीसेट, मग आणखी वरचा रीसेट. रीसेट झाला की कार्ड तुमच्या मेमरीत लिहिणार नाही याची खात्री, मगच बफर सोडायचा. याच्यात प्रोसेस कुठे येते?

खऱ्या ब्लॉक ड्रायव्हरमध्ये तर रिक्वेस्ट येते तेव्हा करंट (त्या क्षणी चालणारी प्रोसेस) म्हणून जो दिसतो तो कित्येकदा एखादा केवर्कर (कर्नलचा कामगार थ्रेड) असतो, ज्याने फाइल वाचली तो नव्हेच. तिथे सिग्नल पेंडिंग आहे का बघणं म्हणजे शेजाऱ्याचा ताप बघून आपल्याला गोळी. कर्नल थ्रेड तर मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय सिग्नल घेतच नाहीत.

मी म्हणतो हे कार्ड ब्लॉक लेयरखाली आणा, टाइमआउट आणि टॅग (कमांडचे नंबर) दोन्ही फुकटात मिळतात.


टिळकनगर_ओटला:

खवचटराव, "पुढचा ब्लॉक दे" असं एकतर्फी चालणारं कार्ड ब्लॉक लेयरखाली कसं आणणार? सेक्टर नंबरने मागता येत नाही त्याला. ती टेप आहे, डिस्क नाही. बाकी रीसेटचं म्हणणं शंभर टक्के पटलं, माझ्या उत्तरात ते राहिलंच होतं. रेफरन्स काउंट कार्ड कधीतरी उत्तर देईल या आशेवर चालतो, हँग झालेलं कार्ड कार्डाचा रेफरन्स कधीच टाकणार नाही. तिथे टाइमआउट आणि रीसेटच.


रामबाग_कट्टा:

आज रविवार होता तरी ऑफिसला गेलो, वॉचमनकाकांनी विचारलं काय रे परीक्षा आहे का.

पहिल्यांदा नुसतं अनसाइन्ड काढून लाँग केलं आणि उणे असेल तर तसंच परत केलं, बाकी सगळं जुनंच, मला बघायचं होतं एकेका बदलाने काय होतं. बफर तेवढा मुद्दाम सोडला नाही, गळू दिला. स्लबचं डीबग पॉयझनसकट (सोडलेल्या मेमरीत कोणी लिहिलं तर पकडणारं) लावलं होतं, कालच्या कोडवर त्याने लगेच पॉयझन ओव्हररिटन म्हणून बोंब मारली, म्हणजे ताईंचं गराडू खरं. आणि ऑफिसच्या दुसऱ्या मशीनवर आयओएमएमयू (कार्डाला भलत्या मेमरीत लिहू न देणारा पहारेकरी) चालू आहे तिथे डीमेसगमध्ये त्याच्या तक्रारी, म्हणजे डीएमएआर फॉल्ट, आधीपासून पडलेले होते, महिनाभर कोणी बघितलेच नाहीत, मी पण नाही.

पण लाँग केल्यावर नवीनच प्रकार. आता ब्लॉक परत येत नाही, ब्लॉक गायब होतो! खिडकी ओढली की एक ब्लॉक कमी, पुढचे सगळे बरोबर. एररही नाही, प्रोग्रामला काही कळतच नाही. एसट्रेस (strace, प्रोग्रामचे कर्नल कॉल दाखवणारं टूल) लावला तर त्याच आयऑक्टलपुढे ई-रीस्टार्ट-सिस आणि मग तोच आयऑक्टल परत.


सराफा_रात्री_बारा:

हा हा, तिसरा भाऊ पण आला. मित्राने हॅन्डलर साध्या सिग्नल फंक्शनने लावलाय ना? जीलिबसीमध्ये (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) तसं लावलं की रीस्टार्टचा झेंडा आपोआप लागतो. ड्रायव्हरने ई-रीस्टार्ट-सिस परत केलं की कर्नल समजतो "या कॉलने अजून काही केलेलं नाही, परत चालवला तरी हरकत नाही" आणि हॅन्डलर संपल्यावर तोच आयऑक्टल पुन्हा मारतो. पण तू तर कार्डाला एकदा सांगून बसलास, कार्ड एक ब्लॉक पुढे गेलं. दुसऱ्यांदा मागितलास तर त्याच्या पुढचा मिळाला. लिहायची कमांड असती तर दोनदा लिहिलं असतं, तेव्हा एकच ब्लॉक गेला म्हणून देवाला नारळ फोड.

कार्डाला कमांड द्यायच्या आधी, म्हणजे म्यूटेक्सच्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाच्या) रांगेत असताना सिग्नल आला तर ई-रीस्टार्ट-सिस बिनधास्त दे. रांगेतून उठून गेलास तर गाडीवाल्याचं काय जातं. एकदा ऑर्डर दिली की मग ते द्यायचं नाही. फारतर ई-इंटर (मधेच तुटलं असा एरर) दे, ते आपोआप परत चालत नाही, पण मग गेलेला ब्लॉक कुठेतरी ठेवून पुढच्या आयऑक्टलला द्यायची जबाबदारी तुझी.

आणि कोणी सांगेल की उणे आलं तर लूप लावून परत वाट बघ, ते करू नको. सिग्नल प्रोसेस युजर मोडला परत जाईपर्यंत पेंडिंगच राहतो, प्रत्येक वेळी वाट लगेच तुटणार आणि एक कोअर शंभर टक्क्यांवर गरगरत बसणार. मी केलंय. पंख्याच्या आवाजाने कळलं.


छप्पन_की_सत्तावन:

म्हणजे शेवटी किलेबलच ना 😎

त्यात हा रीस्टार्टचा प्रश्नच नाही, वाट तुटली म्हणजे प्रोसेस मरणारच आहे, मरणाऱ्याला काय उत्तर दिलं काय फरक


सराफा_रात्री_बारा:

हो रे बाबा, किलेबल टाइमआउट, पण ताईंच्या स्ट्रक्चरसकट. तू नुसता शब्द बदलायला सांगत होतास.


टिळकनगर_ओटला:

एक राहिलं. प्रोसेस मेली की तिचा एफडी (उघडलेल्या डिव्हाइसचा नंबर) बंद होतो आणि तुझं रिलीज फंक्शन चालतं. तिथे राहिलेल्या कमांडची वाट बघायची तर सिग्नल येऊन सोडवेल या भरवशावर राहू नको, मरायला लागलेल्या प्रोसेसला नवीन सिग्नल उठवत नाही. रिलीजने एरर दिला तरी कोणी बघत नाही. तिथे टाइमआउट, नाही झालं तर रीसेट. आणि मॉड्यूल काढताना सगळ्या कमांड परत आल्याशिवाय काढू देऊ नको, नाहीतर इंटरप्ट येईल तेव्हा हॅन्डलरचा कोडच जागेवर नसेल.


रामबाग_कट्टा:

ताई, दादा, सगळं केलं. म्यूटेक्सची रांग इंटरप्टिबल, ऑर्डर दिल्यावर किलेबल टाइमआउट, रेफरन्स काउंट, कमांडला १६ बिटचा नंबर (एफपीजीएवाल्याने कुरकुर करत रजिस्टरमध्ये जागा करून दिली), टाइमआउट झाला की अबॉर्ट, अबॉर्टला उत्तर नाही आलं तर कार्ड रीसेट.

टेस्ट अशी लावली की एका शेल लूपमधून दर १० मिलिसेकंदांनी रीडरला २८ नंबर मारायचा, आणि ते झालं की दुसऱ्या लूपमध्ये नवीन रीडर सुरू करून अर्ध्या सेकंदात किल नऊ. चार तास चाललं. पहिल्या लूपचा चेकसम बरोबर, पॉयझन शांत, डीएमएआर शांत. मग एफपीजीएवाल्याकडून मुद्दाम हँग होणारी इमेज घेतली, प्रोसेस किल नऊने लगेच उठली आणि ५ सेकंदांत रिलीजने कार्ड रीसेट केलं, लोड ॲव्हरेज शून्य पूर्णांक काहीतरी.

सीनियर येऊन स्वतः खिडकी धरून दोन मिनिटं ओढत बसला. काही झालं नाही म्हणून थोडा नाराज दिसला. आता म्हणतोय की झाकण बंद करून पण दाखव, तर उद्या कार्ड लॅपटॉपला कसं जोडायचं ते शोधतोय, कोणाकडे थंडरबोल्टवाला डबा असेल तर सांगा, इंदुरात असाल तर मी येऊन घेऊन जाईन, पोहे माझ्याकडून.